अर्धा चिरलेला ओंडका: निलंबूरच्या सागवान संग्रहालयाची एक भेट

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात निलंबूर नावाचं गाव आहे. तिथे फक्त सागाच्या झाडाला वाहिलेलं एक छोटं संग्रहालय आहे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, आम्ही तिथे घेऊन गेलो. एकदा गेलो आणि फसलो. दुसऱ्यांदा नीट तयारीने गेलो. या दोन खेपांमध्ये काय ठरवलं, काय चुकलं आणि शेवटी हाती काय आलं, ते इथे मांडते आहे. घरातल्या कुणाचं नाव दिलेलं नाही, आमच्या गावाचंही नाही. घरात एखादा जुना कारागीर असेल आणि त्याला त्याच्याच कामाशी संबंधित ठिकाणी न्यायचं मनात असेल, तर यातलं काही उपयोगी पडेल.

पार्श्वभूमी

अण्णा सिंधुदुर्गातल्या एका सॉ मिलचे मुख्य मिस्त्री होते. चौदाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली लागले, तेव्हा काम हाताच्या करवतीवर होतं. ओंडका उंच मांडणीवर चढवायचा, एक माणूस वर उभा, एक खाली, आणि दोघांत एक लांब करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो आणि सगळा भुसा स्वतःच्या डोळ्यांत घेतो. अण्णा पहिली चार वर्षं खाली होते. पुढे गावात मिल आली, आधी डिझेल इंजिनवर आणि नंतर विजेवर. फिरत्या पट्ट्याची बँडसॉ, रुळांवरची ट्रॉली, रोज संध्याकाळी कानस घेऊन दात लावणं, दातांना सेट देणं, म्हणजे ते आळीपाळीने दोन बाजूंना किंचित वाकवणं. पातं बोथट झालंय की नाही हे ते आवाजावरून ओळखत. त्याच आवाजाने त्यांचे कान गेले. आज उजव्या कानाशी तोंड नेऊन सावकाश बोललं तर अर्धं कळतं. बाकीचं आम्ही पाटीवर लिहितो. घरात माझ्या मुलीची जुनी पाटी आहे, ती आता आजोबांची झाली आहे.

मिल बंद पडली ती १९९७ च्या मार्चमध्ये. शिमगा तोंडावर आला होता. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयी मोठा आदेश दिला. पाठोपाठ ४ मार्च १९९७ च्या आदेशात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना सॉ मिल, व्हिनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) आणि प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करायला सांगितलं. आमच्या गावच्या मिलच्या परवान्याचं नूतनीकरण मालकांकडून राहून गेलं होतं. मिलला सील लागलं. अण्णा तेव्हा पन्नाशीचे होते.

त्यानंतर त्यांनी चौकटी दुरुस्त केल्या, देव्हारे बनवले, पावसाळ्याआधी लोकांच्या घरांचे वासे बदलून दिले. मिलविषयी मात्र बोलले नाहीत. मी लग्न होऊन या घरात आले २००५ मध्ये. सील लागलं त्या दिवसाबद्दल एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

निलंबूरच का

सॉ मिलशी आणि लाकडाशी संबंधित ठिकाणं आम्ही तीन पाहून ठेवली होती.

पहिलं अंदमानातलं चॅथम. तिथली सॉ मिल १८८३ ची, आणि आवारात छोटं संग्रहालय आहे. यंत्राजवळ जाण्याच्या दृष्टीने हे सर्वांत सरस. पण विमानाचा खर्च चौघांचा, आणि अण्णा विमानात बसायला तयार नव्हते.

दुसरं आलापल्ली आणि बल्लारशाहचा सागाचा टापू. आपल्याच राज्यातला, आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांमध्ये त्याचं नाव इतकं मोठं की अण्णांना तो ऐकून माहीत होता. पण सिंधुदुर्ग ते गडचिरोली म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं टोक. तिथे पाहायला मिळतं ते जंगल आणि डेपो. समजावून सांगणारं, रांगेत मांडलेलं काही हवं होतं, कारण ऐकू न येणाऱ्या माणसाला डोळ्यांनीच सगळं घ्यावं लागतं.

तिसरं निलंबूर. कोकण रेल्वेच्या मार्गाने खाली गेलं की शोरनूर, आणि शोरनूरहून निलंबूरपर्यंत ६६ किलोमीटरचा एक फाटा. हा फाटा १९२७ पर्यंत बांधून झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, त्याचे रूळ उखडून नेले होते आणि १९५४ मध्ये तो पुन्हा घातला. रुळांच्या दोन्ही बाजूंना साग आहे. प्रवासच निम्मी भेट होईल असं वाटलं आणि तसंच झालं.

सागासाठी निलंबूर का, हे थोडं सांगायला हवं. मलबारचा साग मुंबईच्या गोदीत जात असे. वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका मलबारी सागाची आहे आणि ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. जहाजांसाठी इतकं लाकूड उपसलं गेलं की १८०६ मध्येच कंपनी सरकारने मलबारच्या सागावर वॉटसन नावाचा एक कॅप्टन नेमला. जंगल मात्र हटतच गेलं. मग मलबारचा कलेक्टर एच. व्ही. कॉनोली याने साग लावूनच वाढवायचं ठरवलं. सागाचं फळ टणक असतं, पेरलं की रुजत नाही. भिजवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं, असे प्रयोग करून रोपं उभी करण्याचं खरं काम चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने केलं. १८४६ मध्ये लावलेल्या सागाचा २.३१ हेक्टरांचा एक तुकडा चालियार नदीच्या काठी अजून राखलेला आहे. त्याला कॉनोलीचा प्लॉट म्हणतात. शहरापासून चार किलोमीटरवर, केरळ वन संशोधन संस्थेच्या उपकेंद्रात, १९९५ मध्ये सागवान संग्रहालय सुरू झालं.

झाडं जहाजांसाठी लावली, आणि ती जून होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पहिली खेप आणि ती का फसली

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही उटीला निघालो होतो. वाटेत निलंबूर आहे म्हणून तासाभराचा थांबा ठरवला. पोहोचलो तो सोमवार होता, आणि सोमवार हा संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस.

चूक पूर्ण आमची. पण वाराची चूक ही वरवरची. खरी चूक ही की अण्णांच्या आयुष्यभराच्या कामाला आम्ही उटीच्या वाटेवरचा चहाचा थांबा करून टाकलं होतं. अण्णा गाडीतून उतरले, फाटकापर्यंत गेले, आत वाकून पाहिलं आणि परत येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "गाडी फिरव." उटीत दोन दिवस त्यांनी कुठल्याच गोष्टीत मन घातलं नाही. बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर बसून राहिले.

समजा त्या दिवशी संग्रहालय उघडं असतं, तरी काय झालं असतं? मे महिन्यातली गर्दी, इंग्रजी आणि मल्याळममधल्या पाट्या, ऐकू न येणारा माणूस आणि हातात एक तास. आम्ही आत गेलो असतो, फोटो काढले असते आणि 'अण्णांना दाखवलं' असं समाधान घेऊन पुढे गेलो असतो. बंद फाटकाने ते समाधान मिळू दिलं नाही, म्हणून दुसरी खेप घडली.

दुसऱ्या खेपेची तयारी

या वेळी जायचं ते फक्त निलंबूरला, असं ठरलं. दोन मुक्काम. महिना फेब्रुवारी, कारण जून ते सप्टेंबर चालियारचा भरवसा नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराने त्या भागाचं काय केलं ते सर्वांना आठवत असेल. शिवाय फेब्रुवारीत सागाची पानं झडलेली असतात, खोडं नीट दिसतात. हा मुद्दा अण्णांचाच. "पान गळल्यार झाड दिसता," असं ते म्हणाले.

भाषेचं काय करायचं, यावर घरात चर्चा झाली. दुभाषा घ्यावा, असा एक विचार होता. पण दुभाषा बोलणार आणि अण्णांना ऐकू येणार नाही. संग्रहालयाच्या दालनात आवाज घुमतो, तिथे कानाशी ओरडलं तर उलट काहीच कळत नाही. शेवटी मी आणि मुलीने कार्डं केली. संग्रहालयात काय काय आहे हे आधी वाचून घेतलं आणि प्रत्येक गोष्टीसाठी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत चार-पाच ओळी. अशी अठरा कार्डं झाली. मुलगी आठवीत होती. सुरुवातीला ती शाळेचा प्रकल्प असल्यासारखं लिहीत होती, "साग हा पानझडी वृक्ष आहे" वगैरे. ते अण्णांना सांगायचं म्हणजे माशाला पोहणं शिकवणं. मग आम्ही कार्डं पुन्हा लिहिली. त्यांना माहीत असलेलं सगळं काढून टाकलं आणि त्यांना माहीत नसेल तेवढंच ठेवलं.

निर्णयाचा पहिला अवघड क्षण

ही कार्डं करताना मला एक गोष्ट सापडली. १९९६ चा तो आदेश ज्या खटल्यात झाला, त्याचे याचिकाकर्ते टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद. ते निलंबूरच्या कोविलकम घराण्यातले, म्हणजे तिथल्या जुन्या राजघराण्यातले. शेजारच्या गुडलूर भागातलं जंगल तोडलं जात होतं, ते पाहून त्यांनी १९९५ मध्ये न्यायालयात धाव घेतली. खटला एका भागातल्या तोडीचा होता. न्यायालयाने त्यातून सगळ्या देशापुरता विचार केला आणि 'जंगल' या शब्दाचा अर्थच रुंद करून टाकला. कागदावर मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगल. त्या धाग्याचं एक टोक आमच्या गावातल्या मिलच्या कुलपापर्यंत आलं होतं. तिरुमुलपाद २०१६ मध्ये वारले.

म्हणजे ज्या गावात आम्ही अण्णांना आनंदासाठी नेत होतो, त्याच गावातून त्यांची मिल बंद करणारी गोष्ट सुरू झाली होती.

सांगायचं की नाही? नवऱ्याचं म्हणणं स्पष्ट होतं: "जुनां उकरून काढू नको. तेंका बरां वाटाचा म्हणान नेतंव." मुलीचं म्हणणं, आजोबांपासून लपवायचं कशाला. माझं मत दोन्हीकडे झुकत होतं. लपवलं तर ती फसवणूक होईल आणि आधीच सांगितलं तर ते यायलाच नकार देतील, अशी भीती. शेवटी मी मधला मार्ग काढला. निघण्याआधी सांगायचं नाही, संग्रहालयातही सांगायचं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी, मुक्कामावर, लिहून सांगायचं. एकोणिसावं कार्ड मी लिहिलं आणि पर्समध्ये वेगळं ठेवलं.

संग्रहालयात

बुधवारी सकाळी दहाला आम्ही पोहोचलो. प्रवेशाशीच ५५ वर्षांच्या एका सागाची मुळं, जमिनीतून अख्खी उकरून काढलेली, उभी केली आहेत. अण्णा तिथेच थांबले. आम्ही पुढे जाऊन परत आलो तरी ते तिथेच. पंचेचाळीस मिनिटं.

मला वाटलं, पाय दुखत असतील. पाटीवर लिहिलं, "बसायचं आहे का?" त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मिलात येय तो बुंधो. खालचां ह्यां सगळां रानातच ऱ्हवता. मी कधी बघूक नाय."

जवळजवळ चाळीस वर्षं सागाशी काम केलेल्या माणसाने सागाचं मूळ पाहिलेलं नव्हतं. मला हे सुचणंच शक्य नव्हतं. कार्डांच्या यादीत मुळाचं कार्ड सर्वांत छोटं होतं, दोन ओळींचं. ज्याला आम्ही दारातली सजावट समजलो होतो, ते त्यांच्यासाठी अख्ख्या संग्रहालयातलं सर्वांत नवं होतं.

आत परंबिकुळमच्या कन्निमरा सागाचं चित्र आहे. जिवंत सागांमधला हा सर्वांत जुन्यांपैकी एक, घेर साडेसहा मीटरांहून जास्त. अण्णांनी कार्ड वाचलं आणि चित्राला हात जोडले. आमच्याकडे देवराईतल्या झाडाला जोडतात तसे. सागाच्या उरूची, म्हणजे मलबारी गलबताची, प्रतिकृती त्यांनी बोट न लावता पण नाक टेकेल इतक्या जवळून पाहिली. फळ्यांचे सांधे कुठे येतात ते मुलीला दाखवलं. वरच्या मजल्यावरचे किडे आणि फुलपाखरं मुलीसाठी होती. ती दोघं तिथे वेगळी झाली.

एक सांगायला हवं. या संग्रहालयाचा सगळा भर झाडावर आहे. साग कसा रुजतो, वाढतो, कुठे आढळतो, त्याला काय खातं. ओंडका जंगलातून निघाल्यावर करवतीखाली त्याचं काय होतं, ही गोष्ट तिथे त्या मानाने थोडी आहे. वन संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तेव्हा ते साहजिकही आहे. पण मला त्याचा एक फायदा नंतर कळला. उरलेली गोष्ट अण्णा सांगायला लागले. आधी मुलीला, मग तिथल्या एका कर्मचाऱ्याला. तो कर्मचारी आमच्याशी इंग्रजीत बोलत होता. अण्णांनी त्याचा हात धरून, हवेत करवत ओढून, वरचा माणूस आणि खालचा माणूस कसे उभे राहतात ते दाखवलं. तो हसला, त्याने खालच्या माणसाची जागा घेतली आणि दोघांनी मिळून रिकाम्या हवेतून एक ओंडका चिरला. मी फोनवर ते टिपायला हवं होतं. फोन पर्समध्ये होता.

कॉनोलीच्या प्लॉटवर

इथे दुसरा निर्णय होता. प्लॉटवर जायला चालियार ओलांडावी लागते आणि पुढे थोडं चालणं आहे. अण्णांचे गुडघे बरे नाहीत. दुपारी दमलेले असताना न्यायचं की त्यांना मुक्कामावर ठेवून आपण जाऊन यायचं? आम्ही तिसरं केलं. प्लॉट दुसऱ्या दिवशी सकाळवर ढकलला. दोन मुक्काम हाताशी होते म्हणूनच ते शक्य झालं.

त्याचा परिणाम असा झाला की एकोणिसावं कार्ड प्लॉटच्या आधी आलं.

संध्याकाळी, जेवणाआधी, मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. नवरा खिडकीबाहेर पाहत होता. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "तेका बिचाऱ्याक काय ठावक, आमची मिल खंय ती." आणि मग विचारलं, "मगे रान रवलां काय?"

पाटी माझ्या हातात होती आणि मला लिहिता येईना. काही ठिकाणी राहिलं, काही ठिकाणी नाही, त्या आदेशाने पुष्कळ तोड थांबली, तरी नंतरही गेलं. हे चार शब्दांत कसं लिहायचं? मी लिहिलं, "काही राहिलं." त्यांनी वाचून मान हलवली. "तेचां घर खंय?" असं विचारलं. म्हणून सकाळी प्लॉटवर जाण्याआधी आम्ही कोविलकमच्या बाजूच्या रस्त्यावरून गेलो. राहती घरं आहेत, आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णा रस्त्यावर उभे राहिले, जुन्या लाकूडकामाकडे पाहत. पाच मिनिटं असतील. मग रिक्षात बसले.

प्लॉटमध्ये वाळलेल्या पानांचा खच होता, पावलागणिक करकर वाजणारा. तो आवाज अण्णांना येत नव्हता, पण ते मुद्दाम पाय घासत चालत होते. एका सागाजवळ थांबून त्यांनी त्याला कवेत घेतलं, हात सरकवून उरलेला घेर मोजला आणि म्हणाले, दीड वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या दीडपट. मग मुलीला हिशेब घातला: समजा घेर १०० इंच आणि लांबी २० फूट, तर घनफूट किती?

मुलीने फोन काढला आणि वर्तुळाच्या सूत्रातला पाय (π) वापरून ११०.५ सांगितलं. अण्णांनी बोटाने पानांवर लिहिलं: घेराचा चौथा भाग २५, त्याचा वर्ग ६२५, गुणिले २०, भागिले १४४. आलं ८६.८. मुलगी म्हणाली, आजोबा, तुमचं चुकलं. तिने ते पाटीवर लिहिलंही. अण्णा हसले. या प्रवासातलं ते पहिलं हसू. "साल, ढलपे नि भुसो कोण इकत घेतलो?" असं त्यांनी विचारलं. वखारीचा हा हिशेब गोल लाकडातून साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजतो. बाकीचं चिरताना जाणार हे धरलेलं असतं. मुलीने त्या रात्री वहीत दोन्ही सूत्रं शेजारीशेजारी लिहिली आणि दोघांचं गुणोत्तर पायच्या चौथ्या भागाएवढं येतं हे स्वतः शोधून काढलं.

तिथेच, झाडाच्या बुंध्याला टेकून, अण्णांनी मार्च १९९७ सांगितला. कुणी विचारलं नव्हतं. ट्रॉलीवर सागाचा ओंडका चढवलेला होता, अर्धा चिरून झाला होता. माणसं आली, कागद दाखवला, मोटार बंद करायला सांगितली. अण्णांनी विचारलं, एवढा पुरा करू? नको म्हणाले. पातं लाकडातच राहिलं. दाराला सील लागलं आणि अण्णा डबा न उघडताच घरी आले. डब्यात घावणे होते. घावण्यांची आठवण त्यांनी दोनदा सांगितली.

नवरा माझ्याकडे पाहत होता. त्याला हे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच घरात होता.

पुढे काय झालं

गावी परतल्यावर आठवडाभरात अण्णांनी स्वतःहून मालकांच्या मुलाला भेटायचं काढलं. मिलची मोटार आणि बँडसॉची चाकं कधीच भंगारात गेली होती. पातं कुणीतरी कापून ओढून काढलेलं होतं. ट्रॉली मात्र रुळांवर गंजून उभी होती आणि तिच्यावर तो ओंडका. बाहेरचा पांढरा भाग वाळवीने खाल्लेला, आतला गाभा धड. गाभ्यातला चर हातभर आत गेलेला आणि तिथेच संपलेला.

अण्णांच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण आम्ही केलं, नऊ बैठकांत. दात लावायची पद्धत, लाकडाचं तोंड पाहून कुठून चिरायचं ते कसं ठरवायचं, ऐन, किंजळ आणि फणस करवतीखाली कसे वेगळे वागतात, हे सगळं त्यात आहे. त्यांची हत्यारं, म्हणजे दोन माणसांची करवत, कानशी, वाकस, तीन रंधे, गावच्या हायस्कूलने एका भिंतीवर लावून घेतली. पाट्या मुलीने लिहिल्या, कार्डांसारख्याच. फरक एवढाच की या वेळी मजकूर अण्णांनी सांगितला.

वेगळं काय करता आलं असतं

सांगायचं की नाही, या प्रश्नावर माझं मत आता बदललं आहे. निघण्याआधीच सांगायला हवं होतं. मी जे केलं ते सुदैवाने निभावलं, पण त्यात अण्णांना यायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क मी माझ्याकडे घेतला होता. प्रवासाच्या मध्ये, परक्या गावात, रात्री, त्यांना ते कळलं. त्यांनी तिथून परत फिरायचं म्हटलं असतं तर? नवऱ्याची भीती खोटी नव्हती. माझा मधला मार्ग माझ्या सोयीचा होता.

ध्वनिमुद्रण आधीच सुरू करायला हवं होतं. हवेत करवत ओढलेली ती दोन मिनिटं गेली ती गेलीच. प्लॉटवरचं बोलणं फोनवर आहे, पण वारा आणि पानांच्या आवाजात निम्मं ऐकू येत नाही. कॉलरला लावायचा साधा माइक चारपाचशे रुपयांत मिळतो. पुढच्या बैठकांना आम्ही तो वापरला आणि फरक लगेच जाणवला.

कार्डांचा प्रयोग चांगला ठरला, पण अठरा फार झाली. दहाव्या कार्डानंतर अण्णा वाचत नव्हते, नुसते मान हलवत होते. सहा पुरली असती, आणि मुळासाठी एक मोठं. कुणाला काय नवं वाटेल ते आम्ही त्यांना न विचारता ठरवलं होतं. ते आधी विचारायला हवं होतं.

त्यांच्या कानांची तपासणी आम्ही वर्षानुवर्षं टाळली, हेही या निमित्ताने कबूल करते. निलंबूरहून आल्यावर केली. आता एक श्रवणयंत्र आहे. ते घरात वापरतात, बाजारात काढून ठेवतात.

ओंडक्याचं काम अजून झालेलं नाही. मालकांच्या मुलाने तो शाळेला द्यायचं कबूल केलं. शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याचे काप करून वर्षांची वलयं मुलांना दाखवायची होती. अण्णांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अर्धो चिरलेलो तसोच ठेवा." त्यावर मुख्याध्यापकही राजी झाले. पण साग आहे, हलवायचा तर वन विभागाचा वाहतूक पास लागतो, आणि सव्वीस वर्षांपूर्वीचे त्या ओंडक्याचे कागद कुणाकडे नाहीत. त्याच्या टोकावरचा वन विभागाच्या हातोड्याचा ठसा वाळवी लागलेल्या भागाबरोबर गेला आहे. पंचनाम्यासाठी अर्ज दिला आहे. अर्जावर सही करायला अण्णा स्वतः आले होते आणि अर्जाची पोच त्यांनी आपल्या ट्रंकेत ठेवली आहे.